लॅपटॉप रखडतो तो प्रोसेसरमुळे नव्हे

जून-जुलैत कॉलेजच्या ॲडमिशन सुरू झाल्या की मुंबईतला लॅमिंग्टन रोड असो की तालुक्याच्या गावातलं एखादं दुकान, लॅपटॉप घ्यायला आलेल्या पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: आय-५ पुरेल, की आय-७ घ्यावा? दुकानदारही या प्रश्नाचं उत्तर हौसेने देतो. पण ऑनलाइन बिलं, मेल, एक्सेलमधला सोसायटीचा हिशेब, यूट्यूब, मुलांचे क्लास आणि वर्षाकाठी दोन-चार प्रोजेक्ट रिपोर्ट एवढंच ज्या घरात चालतं, तिथे गेल्या चार-पाच वर्षांतला साधा आय-३ किंवा रायझन-३ सुद्धा बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो. घरचा कॉम्प्युटर रखडतो तो मेमरी आणि डिस्कपायी, आणि पैसे मात्र आपण प्रोसेसरवर ओततो.

याचा पुरावा प्रत्येकाच्या मशीनमध्येच आहे. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. ‘हँग होतोय’ अशी तक्रार असलेल्या जुन्या लॅपटॉपवर तो उघडून पाहावा. सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, आकडा बहुधा खालीच घुटमळत असतो. शेजारी डिस्क १०० टक्क्यांवर, नाहीतर मेमरी ९० च्या पुढे गेलेली असते. हिशेब मांडला तर यात नवल नाही. तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला ३०० कोटी ठोके घेतो. सेकंदाला पाच अक्षरं टाइप करणारा माणूस म्हणजे चांगलाच तयारीचा. तरी दोन अक्षरांच्या मधे प्रोसेसरमधल्या एकेका कोअरला, म्हणजे स्वतंत्र गणनाघटकाला, ६० कोटी ठोक्यांची उसंत मिळते. उलट जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, शिवाय हेड जागेवर सरकायला लागणारा वेळ वेगळा. विंडोज सुरू होताना असे लहान लहान तुकडे ढिगाने वाचावे लागतात, आणि तोवर प्रोसेसर ताटकळतो. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यामुळे तेच वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास उरकतं. एसएसडी टाकल्यावर सात-आठ वर्षांचा लॅपटॉप पळायला लागतो, तेव्हा प्रोसेसर तोच असतो. रॅमचंही तसंच. ४ जीबीत विंडोज, अँटिव्हायरस आणि क्रोमचे दहा टॅब धड मावत नाहीत. मग उरलेलं डिस्कवर उतरवायचं आणि लागेल तसं परत चढवायचं, अशी हमाली सुरू होते.

तरी मोठ्या प्रोसेसरचा सोस सुटत नाही, कारण एके काळी त्यात तथ्य होतं. १९९३ मधला पहिला पेन्टियम ६० मेगाहर्ट्झचा होता, २००४ मध्ये पेन्टियम-४ ३.८ गिगाहर्ट्झला पोचला. त्या वर्षांत नवा प्रोसेसर घेतला की फरक डोळ्यांना दिसायचा. पुढे उष्णता आवरेना. ४ गिगाहर्ट्झचा पेन्टियम-४ इंटेलने बाजारात न आणताच सोडून दिला आणि कंपन्या वेगाऐवजी कोअर वाढवू लागल्या. पण पत्र लिहिण्याचं काम आठ कोअरना वाटून देता येत नाही. कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो तो एकूण वेगाला वेसण घालतो, हे संगणक रचनाकार जीन ॲम्डाल यांनी १९६७ मध्येच दाखवलं होतं. त्यात स्टिकरची गंमत वेगळीच. २०१६ च्या आय-७ ७५००यू या लॅपटॉपच्या प्रोसेसरला दोनच कोअर होते आणि २०२२ च्या आय-३ १२१५यूला सहा! नुसतं ‘आय-७’ ऐकून काहीच कळत नाही, पिढी विचारावी लागते.

काही घरांत ताकद लागते, हे कबूल. फोनवर काढलेले ४के व्हिडिओ एडिट करणारं किंवा त्रिमितीय मॉडेलिंग शिकणारं कुणी असेल तर तिथे काटकसर करू नये. पण मुलगी इंजिनिअरिंगला गेली, एवढं कारण पुरत नाही. पहिल्या वर्षाचे सी आणि पायथनचे प्रोग्राम कुठल्याही मशीनवर चालतात. गेमचं म्हणाल तर बहुतेकदा आधी ग्राफिक्स कार्ड आडवं येतं. आणि एआय? चॅटजीपीटी किंवा जेमिनायची उत्तरं डेटा सेंटरमध्ये तयार होतात, आपला लॅपटॉप ती नुसती दाखवतो. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये ‘कोपायलट प्लस पीसी’ आणले, त्यांच्या अटींत एआयसाठीचं वेगळं एनपीयू आहे, तशी किमान १६ जीबी रॅमही आहे.

सगळ्यात वजनदार आक्षेप पुढचा. लॅपटॉप सात-आठ वर्षं वापरायचा, प्रोसेसर मागाहून बदलता येत नाही, तेव्हा आत्ताच मोठा घेतलेला बरा. हा हिशेब विंडोज-११ ने २०२१ मध्ये उधळून लावला. २०१७ च्या जानेवारीत आलेला डेस्कटॉपचा आय-७ ७७००, चार कोअरचा आणि ३.६ गिगाहर्ट्झ मूळ वेगाचा, विंडोज-११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या मायक्रोसॉफ्टच्या यादीबाहेर राहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेला दोन कोअरचा, १.१ गिगाहर्ट्झचा सेलेरॉन एन४००० मात्र यादीत बसला. विंडोज-१० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा तगड्या मशीनवर अडगळीत जायची पाळी आली आणि दुबळं तरलं. कंपनी सुरक्षेचं कारण देते. ते पटो न पटो, ताकदीशी त्याचा संबंध नाही.

म्हणून तो सेलेरॉन घ्यावा असं नव्हे. ४ जीबीचे स्वस्त लॅपटॉप पहिल्या दिवसापासून रडतात. सॉफ्टवेअर दिवसेंदिवस जड होतं हेही खरंच, संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच त्याबद्दल तक्रार केली होती. पण घरगुती वापरात तो भार आधी मेमरीवर पडतो. म्हणून आय-७ चे वाचलेले पैसे १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडीकडे वळवावेत. २०२५ च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव चढले, त्यामुळे हा आग्रह काहींना जड जाईल. त्यांनी ८ जीबीवर भागवून मोकळा स्लॉट असलेलं मॉडेल निवडावं, भाव उतरले की भर घालता येते. बोर्डावर सोल्डर केलेली ८ जीबी मात्र, वर आय-७ चं स्टिकर असलं तरी, नको.