फरक कुठे आहे?



मागे मी आमच्या बऱ्हाणपूरच्या वाड्याबद्दल लिहिलं होतं, ते बऱ्याच जणांनी प्रेमाने वाचलं. आज जरा वेगळा विषय आहे. थोडा लांबेल, पण वाचा. माझं वय आता चौऱ्याहत्तर. बी. कॉम. करून बँकेत चिकटलो, सदतीस वर्षं आकड्यांत काढली. त्यामुळे गणितातलं आपल्याला बरंच कळतं असा माझा समज होता. गेल्या पावसाळ्यात तो समज एका चोवीस वर्षांच्या मुलीने उतरवला.

ही मुलगी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची नात, म्हणजे माझीही नातच. बी. एस्सी., बी. एड. झाली, परीक्षा दिली आणि माध्यमिक शिक्षक म्हणून चांदनीच्या बाजूला एका सरकारी शाळेत लागली. शाळेचं नाव सांगत नाही, तिची पहिलीच नोकरी आहे. चांदनी आपल्यापैकी अनेकांनी फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिलं असेल. बऱ्हाणपूरहून खंडव्याकडे निघालं की असीरगड रोड, मग चांदनी, मग नेपानगर. बहुतेक एक्स्प्रेस गाड्या तिथे थांबत नाहीत. जवळच नेपाचा कागद कारखाना, ज्याचं उद्घाटन १९५६ साली पंडित नेहरूंनी केलं होतं. एके काळी देशातली वर्तमानपत्रं इथल्या कागदावर छापली जात.

पोरगी नेपानगरला खोली घेऊन एकटी राहते म्हणून सौ.च्या जिवाला घोर. शेवटी आम्ही दोघं आठ दिवस तिच्याकडे राहायला गेलो. मला दिवसभर काय काम? प्रधानपाठकांची परवानगी काढली आणि सहा दिवस तिच्या वर्गात मागे भिंतीला टेकून बसलो. सहावी, सातवी, आठवी मिळून ब्याण्णव मुलं आणि गणिताची ही एकटी. कुणी निमाडी बोलणारं, कुणी कोरकू, चार-सहा घरं आपल्या मराठीची. पुस्तक हिंदीतलं.

पहिल्या दिवशी तिने मला आधीच सांगून ठेवलं, "आजोबा, वर्गात काही बोलायचं नाही हं." का, ते लगेच कळलं. आठवीच्या वर्गात तिने फळ्यावर लिहिलं: ५०२ वजा १७८. आठवीला! मी मनात म्हटलं, हे तिसरी-चौथीचं. वह्या पाहिल्या तर अर्ध्याहून जास्त मुलांचं उत्तर ४७६. सगळ्यांचं तेच, तंतोतंत. मला वाटलं, कॉपी.

माझ्या काळचे मास्तर असते तर छडी निघाली असती. बऱ्हाणपूरच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी आम्ही कोरसमध्ये म्हणायचो आणि सूर चुकला की हातावर वळ उठायचे. मला पाढे अजून पाठ आहेत, पण खरं सांगतो, ते गोडीने नाही, भीतीने पाठ आहेत.

ही मात्र एका मुलीजवळ जाऊन खाली बसली आणि हिंदीत विचारलं, हे कसं केलंस, मला सांग. मुलगी म्हणाली, "दो में से आठ नहीं जाते, तो आठ में से दो गए, छह. शून्य में से सात नहीं जाते, तो सात में से शून्य गया, सात. पाँच में से एक गया, चार." ४७६. म्हणजे कॉपी नव्हतीच. मुलांनी एक नियम धरला होता, लहानातून मोठं जात नाही म्हणून मोठ्यातून लहान वजा करायचं, आणि तो ती इमानाने पाळत होती. गणित चुकीचं, पण वागणं शिस्तीचं.

पुढचं ऐका. ही मुलगी आठवडी बाजारात आईबरोबर भाजी विकायला बसते. नातीने तिला विचारलं, "एकशे अठ्ठ्याहत्तरचं सामान झालं, गिऱ्हाइकाने पाचशेची नोट आणि दोन रुपये दिले, तर परत किती देशील?" मुलगी वर बघून पुटपुटली, एकशे अठ्ठ्याहत्तरला दोन, एकशे ऐंशी, वीस, दोनशे, तीनशे, पाचशे, आणि वरचे दोन. "तीन सौ चौबीस." एक सेकंद इकडे-तिकडे नाही. आमचा जुना हेडकॅशियर खिडकीवर असेच पैसे मोजून परत द्यायचा! मग ती वहीकडे बघून म्हणाली, "मॅडम, वो दुकान का है, ये स्कूल का है."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. दुकानाचं गणित वेगळं आणि शाळेचं वेगळं, हे त्या पोरीला कुणी शिकवलं? आपणच सगळ्यांनी मिळून.

हिंदीत हातच्याला 'उधार' म्हणतात. नातीने वर्गात म्हटलं, शेजारच्या घरातून उधार घ्या. मागून एक बारका मुलगा उठला, "मॅडम, उधार लिया तो वापस कब करेंगे?" मी बँकवाला, मला तर त्याला तिथेच मिठी मारावीशी वाटली. इतकी वर्षं लोकांना मी हाच प्रश्न विचारत होतो! पोरीने पुस्तक मिटलं आणि त्या रात्री आम्ही दोघांनी रद्दीच्या कागदाच्या नोटा कापल्या, शंभराच्या, दहाच्या, एकाच्या. दुसऱ्या दिवशी तिने मुलांना सांगितलं, ही उधारी नाही, हे सुटे आहेत. पाचशे दोन म्हणजे शंभराच्या पाच नोटा आणि दोन एक. एक शंभर मोडा, दहा दहा झाले. त्यातला एक दहा मोडा, दहा एक झाले. आता हातात चार शंभर, नऊ दहा, बारा एक. वजा करा. ३२४. भाजीवाल्या मुलीने दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहिली आणि हसली.

मंडळी, आता माझा मुद्दा सांगतो. माझ्या उमेदीत संगणक नव्हते, लेजर हाताने लिहायचो. महिन्याचं बॅलन्सिंग जुळलं नाही की रात्री अकरा-अकरापर्यंत बसायचो. पण जुळलं नाही म्हणून कुणी लेजर फाडलं नाही, की क्लार्कला 'ढ' म्हटलं नाही. विचारायचो, फरक किती? फरकाला नऊने भाग गेला तर समजायचं, बहुधा आकड्यांची अदलाबदल झाली आहे, ६३ च्या जागी ३६ लिहिलेत, फरक २७. फरक सम असेल तर त्याचा अर्धा करून बघायचा, ती रक्कम नावेऐवजी जमेला गेली असेल. फरकच सांगायचा की चूक कुठे बसली आहे. शाळेत मात्र आपण काय करतो? लाल फुली मारतो आणि पुढे जातो. गणिताच्या शिक्षकाचं खरं काम शिकवण्याइतकंच फरक शोधण्याचं आहे, हे मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं. आणि फरक शोधायला वेळ लागतो. तोच या पोरीकडे नाही.

सवयीने मी सहा दिवसांचा हिशेब वहीत मांडला. तिचे रोज पाच तास, चाळीस मिनिटांचे. सहा दिवसांचे तीस. त्यातले प्रत्यक्ष गणिताचे झाले एकोणीस. गेले अकरा. तीन शिष्यवृत्तीच्या कागदांत आणि समग्र आयडीच्या दुरुस्त्यांत, दोन मुलांच्या बँक खात्यांच्या केवायसीत, दोन गैरहजर शिक्षकाचा वर्ग सांभाळण्यात, दोन बैठकीत, एक रॅलीत, एक मुलांची वजनं-उंच्या नोंदवण्यात. अकरा तास म्हणजे ४४० मिनिटं. ब्याण्णव वह्या प्रत्येकी तीन मिनिटं बघायच्या तर लागतात २७६ मिनिटं. म्हणजे जो वेळ गेला त्यात सगळ्या वह्या दीड वेळा तपासून झाल्या असत्या. सकाळी मोबाइलवर हजेरी लावायला ती रेंज शोधत पटांगणात फिरते, ते यात धरलेलं नाही.

शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना इतर कामाला लावायचं नाही असं म्हटलंय. पण शिष्यवृत्तीचा फॉर्म हे 'इतर काम' नाही, ते मुलांचंच काम, असं म्हणून ते शिक्षकाच्याच गळ्यात पडतं.

आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी शाखेत अधिकारी असताना एक गणिताचे शिक्षक मुलांची शिष्यवृत्तीची खाती उघडायला गठ्ठाभर फॉर्म घेऊन यायचे. एकावर फोटो नाही, एकावर पालकाचा अंगठा जागेवर नाही. मी त्यांना परत पाठवायचो, "गुरुजी, उद्या या." चार वेळा पाठवलं. नियमाने बरोबरच होतं. वर स्टाफला म्हणायचो, बघा, शाळा सोडून बँकेत फिरतात. तो माणूस माझ्या काउंटरसमोर उभा होता तेव्हा तिकडे कुणीतरी ५०२ मधून १७८ वजा करून ४७६ लिहीत असणार, हे माझ्या मनातही आलं नाही.

सगळे शिक्षक देवमाणसं असतात असं मी म्हणत नाही. सही करून गायब होणारेही पाहिलेत. नातसुद्धा काही पहिल्या दिवसापासून हुशार नव्हती. पहिले पंधरा दिवस ती भरभर शिकवायची, "समझ में आया?" विचारायची आणि वर्ग एका सुरात "जी मॅडम" म्हणायचा. चाचणी घेतली तेव्हा कळलं, त्या "जी मॅडम"चा अर्थ होता, आता पुढे चला. त्या रात्री फोनवर रडली होती.

त्यात काही मुलं मजुरीला गेलेल्या आई-बापांबरोबर महिना-दोन महिने महाराष्ट्रात जातात. परत येतात तेव्हा वर्ग ऋण संख्यांवर गेलेला असतो. खालची पायरीच नाही, वरच्या पायरीवर पाय कसा ठेवणार?

तुम्ही म्हणाल, परीक्षा कडक करा. आपल्या मध्य प्रदेशात २०२२-२३ पासून पाचवी-आठवीच्या बोर्डासारख्या परीक्षा पुन्हा सुरू झाल्या आहेत. माझा विरोध नाही. पण परीक्षा एवढंच सांगते की बॅलन्स जुळला नाही. चूक कुठल्या पानावर आहे ते सांगत नाही. आणि हे चांदनीपुरतं नाही. २०२४ च्या 'असर' अहवालात ग्रामीण भारतातल्या आठवीच्या मुलांपैकी साधा भागाकार येणारी मुलं ४५.८ टक्के होती. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना येत नाही. एवढी मुलं आळशी नसतात हो.

शनिवारच्या बालसभेची गंमत सांगतो. आपले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीला शाळेत शिक्षक होते. १९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येची गंमत शोधली. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरते लिहा, चढते लिहा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येणारच. उदाहरणार्थ ३५२४: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४.

नातीने हा खेळ मुलांना दिला आणि गप्प बसली. ज्याचं ६१७४ येईना तो आपणहून मागे जाऊन आपली चूक शोधायला लागला! "मॅडम, मिल गया, यहाँ सुट्टा करना भूल गया था." तासाभरात त्या मुलांनी विनातक्रार वीस-वीस वजाबाक्या केल्या. घरी येऊन मी ताळा केला, ६१७४ लाही नऊने भाग जातो. आमच्या लेजरचा आणि कापरेकरांचा नऊ एकच निघाला. मला रात्री झोप येईना.

आपण सगळे आता सुस्थितीत आहोत. मुलं पुण्याला, इंदूरला, कुणाची परदेशात. नातवंडं इंग्रजी शाळांत. सरकारी शाळेचा विषय निघाला की आपण म्हणतो, तिथे काय शिकवतात! मीही म्हणायचो. आता नाही म्हणवत.

म्हणून निवृत्त मंडळींना एक विनंती. शिकवायला जाऊ नका, ते त्यांना आपल्यापेक्षा चांगलं येतं. फॉर्म भरायला जा. आपल्यापैकी बँकेतले, पोस्टातले, एलआयसीतले कितीतरी जण आहेत, ज्यांचं आयुष्य फॉर्म तपासण्यात गेलं. कुठला फोटो नाही, कुठली सही चुकली, हे आपल्याला लांबून दिसतं. मी आता दर गुरुवारी त्या शाळेत जातो आणि प्रधानपाठकांच्या देखरेखीखाली ओसरीवर कागदांचा गठ्ठा घेऊन बसतो. गेल्या महिन्यात एकही फॉर्म बँकेतून परत आला नाही. नातीचे आठवड्याचे तीन तास वाचले, असं ती म्हणते. हिशेब मी ठेवला आहे.

मागच्या गुरुवारी तो उधारीवाला बारका पोरगा ओसरीवर आला आणि माझ्या गठ्ठ्याकडे बघत म्हणाला, "दादाजी, आपका हिसाब मिला क्या?" म्हटलं, अजून थोडा फरक आहे, बाळा. शोधतोय.

लिहिण्यात काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या. आणि शाळेत कुणी तुमची चूक अशी शेजारी बसून शोधून दिली असेल, तर त्या गुरुजींची किंवा बाईंची आठवण जरूर लिहा. वाचायला आवडेल.