सराव सामन्याचा पंचनामा

सराव सामना हरणे हा आपल्या महाविद्यालयात आता दखलपात्र गुन्हा होऊन बसला आहे. मैदानावरची फक्की अजून पुसली गेली नव्हती, तोच कँटीनच्या बाकावर निकाल जाहीर झाला : यंदा आपल्या कबड्डी संघाचे काही खरे नाही. "पोट्टे खेळून नाई रायले बे, हजेरी लावून रायले," असे कोणीतरी म्हणाले, आणि ते वाक्य इतके फिरले की दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला मागच्या बाकावरूनही ऐकू आले. वाक्य झकास आहे. माझा आक्षेप एवढाच, की ते खरे नाही.

प्रथम निकाल सांगून टाकते, कारण तो लपवण्यासारखा नाही. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यातल्या महाविद्यालयाचा संघ लोहाऱ्याला आला आणि आपण ३१–४२ असे हरलो. अकरा गुणांचा पराभव म्हणजे थोडाथोडका नव्हे. पण मध्यंतराला गुणफलक १४–२५ दाखवीत होता. म्हणजे उत्तरार्धाच्या वीस मिनिटांत दोन्ही संघांनी सतरा-सतरा गुण मिळवले. ही साधी वजाबाकी कँटीनमध्ये कोणी मांडली नाही आणि त्याचे कारणही तितकेच साधे आहे. मध्यंतराला पावसाची भुरभुर सुरू झाली आणि आपला बहुतेक प्रेक्षकवर्ग दारव्हा रोडवरच्या चहाच्या टपऱ्यांकडे निघून गेला. जे निर्णय देत आहेत त्यांनी अर्धाच सामना पाहिला आहे! उत्तरार्धाला मला धरून पंधरा-वीस माणसे उरली होती. त्यांत एमआयडीसीतली पाळी संपवून सायकलवर आलेले एक जुने खेळाडू होते. ते शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, फक्त दोनदा मान डोलावली. ती दोन्ही वेळा पकडीला डोलली, चढाईला नव्हे. हे मी मुद्दाम सांगते आहे.

कारण सगळ्यांचा राग आपल्या पहिल्या चढाईपटूवर आहे. "त्याले दोनच गुण भेटले पहिल्या हाफात," हे त्याच्यावरचे आरोपपत्र. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि आपण सर्वजण घरबसल्या कबड्डीचे जाणकार झालो. त्याबद्दल मी दूरदर्शन संचाला दोष देणार नाही. त्या स्पर्धेने या खेळाला पैसा दिला, मान दिला, आणि गावातल्या पोराला कबड्डी खेळतो म्हणून लाजण्याचे कारण उरले नाही. पण तिने आपल्या डोळ्यांना एक खोडही लावली. कॅमेरा चढाई करणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो, म्हणून आपणही त्याच्याकडेच पाहतो. उरलेले सहा गडी आपल्याला दिसतच नाहीत.

वस्तुतः कबड्डीचे गणित असे आहे की चढाईपटू एकदा बाद झाला, की तो आपल्या पायांनी परत येऊ शकत नाही. संघाने समोरचा गडी बाद केला तरच बाहेर बसलेल्यांपैकी पहिला आत येतो. म्हणजे चढाईपटूचे आयुष्य पकड करणाऱ्यांच्या हातात असते. मी घड्याळ लावून पाहिले. पूर्वार्धातल्या वीस मिनिटांपैकी जवळजवळ अकरा मिनिटे आपला हा खेळाडू रेषेबाहेर गुडघ्यांना मिठी मारून बसला होता. दोनदा तो आत आला, तो आपल्यावर लोण चढला म्हणून. सगळा संघ गारद झाल्यावर सगळेच परत येतात, तसा तोही आला. जो माणूस निम्म्याहून अधिक वेळ मैदानातच नव्हता, त्याने गुण का मिळवले नाहीत असे विचारणे म्हणजे कुलूप लावलेल्या ग्रंथालयात पोरे वाचत का नाहीत असे विचारण्यासारखे आहे. (या उपमेचा आपल्या ग्रंथालयाशी संबंध नाही.)

मग दोष कुठे होता? माझ्या मते डाव्या कोपऱ्यात आणि त्याच्या शेजारच्या मध्यरक्षकात. दोघेही वाईट खेळाडू नाहीत. दोघे दोन वेगवेगळे सामने खेळत होते. कोपरारक्षकाने घोटा धरायला सूर मारला, की त्याच क्षणी मध्यरक्षकाने वरून कमरेला भिडायला हवे. नाहीतर चढाई करणारा एक पाय ओढत का होईना मध्यरेषेपर्यंत हात नेतो आणि गुण घेऊन जातो. पूर्वार्धात आपला कोपरा पाच वेळा एकटाच गेला. पाचही वेळा तोच बाद झाला. त्यात भर म्हणजे बोनसच्या वेळी, समोर सहा-सात गडी असताना, आपला बचाव इतका मागे उभा राही की पाहुण्यांनी बोनस रेषेवर पाय टाकणे म्हणजे ओसरीवर पाय टाकण्याइतके सोपे होते. ही टीका कँटीनमध्येही झाली, आणि तेवढी टीका अगदी बरोबर होती हे मान्य केले पाहिजे.

उत्तरार्धात क्रीडाशिक्षकांनी डाव्या मध्यरक्षकाच्या जागी तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी उतरवला. नेर तालुक्यातला, अंगाने बारीक, बोलणे त्याहून कमी. त्याने काही विशेष केले नाही. तो फक्त कोपऱ्याबरोबर सरकत राहिला. कोपरा एक पाऊल पुढे, तर हा एक पाऊल पुढे. तो थांबला की हा थांबला. पहिली पकड झाली, मग दुसरी. चढाईपटू आत आला आणि आत राहिला. त्याच पोराने, ज्याच्या नावाने टपरीवर बोटे मोडली जात होती, उत्तरार्धात नऊ गुण आणले. ते पाहायला टपरीवरचे कोणी नव्हते, इतकेच. अर्थात पाहुण्यांनीही उत्तरार्धात दोन गडी बदलले होते, तेव्हा सतरा-सतराचा अर्थ फार ताणून लावू नये. पण सराव सामना असतो तो यासाठीच. कोण कोणाशेजारी उभा राहतो ते पाहण्यासाठी. गुणफलक हा त्यातला सर्वांत कमी उपयोगाचा कागद होय.

मोठ्या संघांचेही असेच असते. २०१६ साली अहमदाबादला विश्वचषक झाला. पहिल्याच सामन्यात भारत दक्षिण कोरियाकडून ३२–३४ असा हरला, तोही आपल्याच घरी. त्या रात्री देशभरातल्या कँटीनांत काय बोलले गेले असेल याची कल्पना आपल्याला येऊ शकते. पंधरा दिवसांनी अंतिम सामन्यात भारताने इराणला ३८–२९ असे हरवले. उलट २०१८ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत आपण सुवर्णपदक गृहीत धरून गेलो. १९९० पासून ते कोणी हिसकावले नव्हते. तिथे उपान्त्य सामन्यात इराणने आपल्याला घरी पाठवले. पुण्याच्या संघाला प्रो कबड्डीचे पहिले विजेतेपद मिळायला २०२४ साल उजाडावे लागले. स्पर्धा सुरू होऊन दहा वर्षे होत आली होती. तेव्हा एका ओल्या दुपारच्या अर्ध्या सामन्यावरून आपण वर्षाचे भविष्य वर्तवू नये, ही विनंती.

आता भविष्यच विचाराल तर सांगते. आपला मुकाबला खरे तर शेजारच्या तालुक्याशी नाहीच. आपल्या विद्यापीठात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम असे पाच जिल्हे येतात, आणि अमरावतीला हा खेळ काल आलेला नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे आपले देशी खेळ करून दाखवले, त्यांत कबड्डी होती. तिकडे शारीरिक शिक्षण हाच अभ्यासक्रम असलेले विद्यार्थी सकाळ-संध्याकाळ मैदानावर असतात. आपल्याकडे सराव चार वाजता सुरू होतो आणि साडेपाचला कोणीतरी घड्याळाकडे पाहतो, कारण गावाकडची शेवटची एस.टी. चुकली तर मुक्काम कुठे करायचा हा प्रश्न असतो. बारा खेळाडूंपैकी सातजण बाहेरगावहून ये-जा करणारे आहेत. हे मी रडगाणे म्हणून सांगत नाही. परिस्थिती अशी आहे, ती धरूनच हिशेब करायला हवा.

आणि या हिशेबातली सर्वांत मोठी रक्कम अजून कोणी मांडलीच नाही. ती सोयाबीनची.

जूनअखेर पेरलेले सोयाबीन साधारण शंभर दिवसांत सोंगणीला येते. म्हणजे सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबर. पाठोपाठ कापसाची पहिली वेचणी. आंतरमहाविद्यालयीन सामने नेमके याच सुमारास येतात. वाळलेले सोयाबीन वाट पाहत नाही. चार दिवस उशीर झाला तर शेंगा तडकून दाणे शेतातच सांडतात, वरून परतीचा पाऊस आला तर गंज्या भिजतात. त्या दिवसांत मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी ऐकून माणूस स्वतःच विळा उचलतो. गेल्या वर्षी आपला बारा जणांचा संघ कागदावर होता, एस.टी.त नऊच चढले. उरलेले तिघे कुठे होते, हे विचारण्याची गरज आपल्यापैकी निम्म्यांना पडू नये, कारण त्या आठवड्यात आपणही तिथेच होतो.

ज्या बारीक अंगाच्या मध्यरक्षकाने उत्तरार्ध सांभाळला, त्याच्या घरी साडेचार एकर आहे आणि शेतात उतरणारे हात तीनच, त्यातला एक जोड त्याचा. सामन्याच्या तारखेला तो मॅटवर असेल की तासात, यावर आपल्या संघाची यंदाची वाटचाल अवलंबून आहे. चढाईपटूच्या चुका नव्हे, की त्याचे केस कापण्याची नवी पद्धत नव्हे, ज्यावर कँटीनमध्ये दहा मिनिटे चर्चा झाल्याचे कळते.

तेव्हा माझी सूचना अशी. सराव सामन्याच्या पूर्वार्धाला, माझ्या मोजणीप्रमाणे, साठाहून अधिक प्रेक्षक होते. त्यातल्या तीसजणांनी एक रविवार द्यावा. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर आपण दरवर्षी घेतोच, त्यात रस्ते झाडतो, घोषणा देतो, फोटो काढतो. तेच हात एक दिवस नेरच्या शेतात लावले तर साडेचार एकरांतला मोठा तुकडा संध्याकाळपर्यंत आडवा होईल. आपल्यातले बहुतेक शेतकऱ्यांचीच मुले आहेत, विळा कसा धरायचा हे शिकवावे लागणार नाही. मुलींनीही यावे, हे सांगायलाच नको. सोंगणी आणि वेचणी या भागात बायांच्याच बळावर होते. आणि ज्यांना ऊन सोसवत नाही त्यांनी निदान डबे आणावेत. प्राध्यापक महोदयांना विनंती एवढीच, की सरावाला थांबलेल्या विद्यार्थ्याची चारनंतरच्या तासाची हजेरी कापली जाऊ नये. क्रीडाशिक्षक एकटे किती चिठ्ठ्या लिहिणार?

जाता जाता एक गोष्ट, जी खरे तर वेगळ्या लेखाची आहे. मुलींच्या संघाला यंदा एकही सराव सामना मिळाला नाही. दोन ठिकाणी विचारणा झाली, दोन्हीकडून "कळवतो" असे उत्तर आले. त्यांच्या भवितव्याबद्दल कँटीनमध्ये काहीच बोलले जात नाही. चांगले नाही, वाईटही नाही. मुलांच्या संघाला शिव्या तरी मिळतात. मुलींची उजवी कोपरारक्षक सध्या मुलांबरोबर सराव करते, आणि परवा तिने आपल्या त्याच बहुचर्चित चढाईपटूचा घोटा असा धरला की तो उठून कपडे झटकत हसत बाहेर गेला. टीकाकार मंडळींनी हे दृश्य पाहिले असते तर आणखी एक आठवडा पुरले असते.

राहिला अंदाज. पहिली फेरी आपण काढू. दुसऱ्या फेरीत डावा कोपरा आणि तो मध्यरक्षक शेजारी-शेजारी उभे असतील तर तीही काढू, नसतील तर नाही. अमरावतीच्या संघाशी गाठ पडली तर दहाच्या आत हरलो तरी मी पेढे वाटीन. संपादकांनी लेख सप्टेंबरातच मागितला असल्याने मला हे निकालाआधी लिहावे लागते आहे. अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा सोयाबीन बाजार समितीत गेलेले असेल आणि निकालही लागलेला असेल. तो या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवा, आणि त्याखाली, एस.टी.त किती जण चढले होते, तेही.