गुंठ्याचा धंदा आणि आपला गल्ला

जळकोटच्या बाजारात अलीकडे कापडाचा भाव विचारणारे कमी आणि गुंठ्याचा भाव विचारणारे जास्त भेटतात. तालुक्याचे ठिकाण झाल्यापासून नांदेड-उदगीर रस्त्याच्या कडेच्या काळ्या रानात चुन्याच्या रेघा पडू लागल्या. रेघा पडतात, दगड रोवले जातात, घरे मात्र उभी राहत नाहीत. कारण घेणाऱ्याला तेथे राहायचेच नसते.

हा सौदा कसा चालतो ते व्यापारी बांधवांना सांगायला नको. शेतकऱ्याला थोडा इसार द्यायचा, सहा महिन्यांची मुदत घ्यायची आणि त्या मुदतीत एकराचे चाळीस गुंठे करून इसारपावतीवरच पुढच्याला विकायचे. तो तिसऱ्याला विकतो. जमीन जागेवरच, फक्त भाव चढतो. तोवर ज्या विहिरीवर भाजीपाला निघत होता ती पडीक.

काही जण म्हणतील, पैसा ज्याचा त्याचा, आपल्याला काय? आपल्याला असे, की आमचा कपड्याचा धंदा शेतावर उभा आहे. सोयाबीन घरात आले की दसरा-दिवाळीची खरेदी, तूर विकली की लग्नाचा बस्ता. शेत गेलेले गिऱ्हाईक एक वर्ष जोरात खरेदी करते, नंतर उधारीच्या वहीत येते. शिवाय दुकानाचा पैसा प्लॉटात अडकला की सुरतेच्या व्यापाऱ्याची हुंडी थकते आणि बाजारातली पत जाते. पत गुंठ्यावर मिळत नाही.

सर्वांत जास्त मार बसतो तो आमच्या कारागिरांना. शिलाई करणारा, वेल्डिंग करणारा, गादी भरणारा आयुष्याची कमाई घालून एक गुंठा घेतो आणि हातात येतो नोटरीचा कागद. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. १२ जुलै २०२१ च्या परिपत्रकाने अशा तुकड्यांची दस्तनोंदणी अडवली, पण विक्री थांबली नाही, ती साध्या स्टॅम्पवर गेली. २०२५ साली सरकारने १ जानेवारी २०२५ पर्यंतचे, ठरावीक हद्दीतले व्यवहार नियमित करण्याचे जाहीर केले. अडकलेल्यांना दिलासा मिळावाच. परंतु दलाल आता सांगत फिरतो की आज घ्या, उद्या सरकार नियमित करीलच. ही तर सरळ जुगाराची भाषा झाली.

शेती आणि वस्ती यांचा झगडा नवा नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बिल्डरांना मोकळा होऊ लागला तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. हेच फादर २०२० साली आपल्या शेजारच्या धाराशिवच्या (तेव्हाचे उस्मानाबाद) साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तिकडच्या केळी-पानाच्या बागा आणि गोड्या विहिरी हा लोकांच्या पोटाचा प्रश्न होता. पाण्याचे मोल तर आपल्याला अधिक ठाऊक असावे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आले ते आपल्याच लातूरला.

घरे नकोत असे कोणी म्हणत नाही. कुटुंबे वाढली, गल्ल्या अपुऱ्या पडल्या. पण गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमीन काही अटींवर बिगरशेती धरण्याची तरतूद महसूल संहितेच्या कलम ४२-ड मध्ये करण्यात आली. आधी तेथे, मुरमाड जागेत, मंजूर नकाशावर वस्ती व्हावी. ओलिताचे काळे रान कशाला?

नगरपंचायतीचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा १९६६ च्या नगररचना कायद्याने हरकती मागवल्या जातात. दलाल मंडळी अशा वेळी फाईल घेऊन हजर असतात, आपण दुकानात बसून असतो. ओलिताच्या जमिनी शेती विभागातच ठेवाव्यात, ही लेखी हरकत व्यापारी आणि कारागिरांच्या सहीने जायला हवी. आणि तोपर्यंत ज्याला घरासाठी जागा घ्यायचीच आहे त्याने इसार देण्यापूर्वी बिगरशेतीचा आदेश, मंजूर रेखांकन आणि सातबारा तलाठ्याकडून तपासून घ्यावा. सामाईक सातबारा दाखवला तर उठून यावे.