वहिनीची यादी

डिसेंबर आला की वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत एक चौकट येते: सरत्या वर्षात आवडलेली पुस्तकं. त्यात प्राध्यापक असतात, संपादक असतात, निवृत्त अधिकारी असतात, कधीमधी एखादा नट असतो. प्रत्येकाचा पासपोर्ट साइझ फोटो आणि खाली चार पुस्तकांची नावं. ह्या चौकटी मी आवडीने वाचते, त्यातून पुस्तकं विकतही घेते. पण घर, दुकान आणि दोन मुलं सांभाळणारी बाई मला त्या चौकटीत अजून भेटलेली नाही.

ती भेटते भाषणांत. मागच्या हिवाळ्यात गोव्यातल्या एका साहित्य मेळाव्यात (नाव घेत नाही, मला परत बोलावतील अशी आशा आहे!) एका वक्त्यांनी सांगितलं की मराठी घराघरांतून चालली, कारण आजची आई वाचत नाही. आईने रोज अर्धा तास मुलांना मराठी पुस्तक वाचून दाखवलं तर भाषा टिकेल. टाळ्या पडल्या. सवयीने मीही वाजवल्या. आणि खरं सांगायचं तर भाषणाचा परिणाम होऊन त्याच महिन्यात माहेरी जाताना भाच्यांसाठी गोष्टींची सहा पुस्तकं घेऊन गेले.

माझं माहेर नंदगड. फोंड्याहून मोले, अनमोड घाट, रामनगर, लोंढा करत खानापूरला जायचं आणि तिथून हल्याळच्या रस्त्याला लागायचं. गोव्यातल्या लोकांना नंदगड माहीत असेल तर संगोळ्ळी रायण्णामुळे. 26 जानेवारी 1831 ला त्याला तिथे फाशी दिलं. त्याच्या समाधीपाशी मोठा वड आहे आणि मूल व्हावं म्हणून बायका त्या वडाला पाळणे बांधतात. गावाला दुसरीही एक ओळख आहे, ती आता फारशी कुणी काढत नाही. 1967 च्या महाजन अहवालाने जी 264 गावं महाराष्ट्राला द्यावीत म्हणून सांगितलं, त्यांत निपाणी, खानापूर यांच्याबरोबर नंदगडही होतं. बेळगाव मात्र मिळणार नव्हतं, म्हणून महाराष्ट्राने अहवालच नाकारला. 2004 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. अशा गावात 'मराठी टिकवा' हे वाक्य पाण्यासारखं वापरलं जातं आणि दरवेळी ते ओतलं जातं आईच्या डोक्यावर.

तर मी सहा पुस्तकं वहिनीपुढे ठेवली. दादाचं आणि तिचं छोटं किराणा दुकान आहे. तिने पुस्तकं चाळली, छान आहेत म्हणाली, मुलांच्या कपाटात ठेवून आली आणि मग विचारलं, "आणि माझ्यासाठी काय आणलंत, वन्सं?"

मला उत्तर देता येईना. शेवटी म्हटलं, तुला वेळ कुठे मिळतो?

"मी वाचतो की! कोण म्हणतंय वाचत नाही म्हणून?"

(आमच्याकडे बायकाही 'वाचतो', 'जातो' म्हणतात. माझे गोव्यातले सासरचे अजून हसतात. हसोत.)

मग तिने वर्षभरात काय वाचलं ते सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक नसताना, दुपारी आईला औषध दिल्यावर, रात्री भात शिजेपर्यंत. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. पुस्तकं आलेली माझ्याकडून, नाहीतर बेळगावला कुणी गेलं तर त्याच्याकडून. बेळगावात सार्वजनिक वाचनालय 1848 पासून आहे, पण दुकान दुपारी कुणाच्या भरवशावर टाकून जायचं?

पहिलं 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांच्या सोवळ्याचं प्रकरण वाचून ती काउंटरमागे एकटीच हसत होती आणि गिऱ्हाईक बघत उभं होतं. "तुमच्या आईंची आठवण झाली," हे मला तोंडावर सांगितलं. आईच्या देखत!

दुसरं बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. बेबीताईंचंही फलटणला छोटं दुकान होतं. पुड्या बांधायला आलेल्या रद्दीतले कागद त्या वाचायच्या, आणि स्वतः लिहिलेलं घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. ते लेखन 1982 मध्ये 'स्त्री' मासिकात येऊ लागलं, पुस्तक झालं 1986 ला. मी हे सांगितलं तेव्हा वहिनीने आपल्या रद्दीच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. बाळंतिणीला खायला काही नसतं ती पानं वाचली त्या दिवशी तिने दुकान लवकर बंद केलं म्हणे. कुठल्या समीक्षकाने पुस्तक वाचून दुकान बंद केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तिसरं प्रकाश नारायण संतांचं 'वनवास'. त्यातला लंपन आजी-आजोबांकडे राहतो आणि त्याची मराठी आमच्याच मुलखातली, कानडीला चिकटून चालणारी. "पुस्तकात पण असं लिहितात?" हा वहिनीचा आनंद. पण लगेच रागही. आईबापांनी एवढ्या पोराला दुसरीकडे ठेवलंच कसं? सगळे जण लंपनच्या निरागसतेवर लिहितात, हिने आईला जाब विचारला. मी म्हटलं, लेखकाची आई बेळगावची कवयित्री इंदिरा संत. तर त्यांचंही पुस्तक हवं म्हणाली. असं चौथं पुस्तक ठरलं, 'गर्भरेशीम'. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला म्हणून नव्हे, त्या आईचं म्हणणं ऐकायचं म्हणून.

1946 साली बेळगावात साहित्य संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे सीमाभागात शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्याच वर्षी इंदिराबाईंचे यजमान गेले. पदरी लहान मुलं, शिकवण्याची नोकरी. त्यातून 'शेला' आला 1951 मध्ये, 'मेंदी' 1955 मध्ये. बाईंना वेळ कुठून मिळाला असेल ते वहिनीला विचारा, प्राध्यापकांना विचारू नका.

एक पुस्तक वहिनीने चाळिसाव्या पानावर सोडलं. मीच दिलेलं, पुरस्कारप्राप्त, जाडजूड. "ह्यातल्या माणसांना कामच नाही वन्सं, बसून नुसता विचार करतात." त्या कादंबरीवर मी दोन पानी कौतुक लिहिलं होतं. असो.

तुम्ही म्हणाल, मुलांना वाचून दाखवणं वाईट आहे का? अजिबात नाही. वहिनीही दाखवते. माझं भांडण वेगळं आहे. आईच्या वाचनाला आपण कामाला लावलंय. तिने वाचायचं ते मुलासाठी, मराठीसाठी, संस्कृतीसाठी, सीमाभागासाठी. गोव्यात 1987 च्या राजभाषा कायद्यापासून आम्ही मराठीच्या हक्कासाठी भांडतोय, आणि त्या भांडणातही आईला हेच काम. तिला पुस्तक आवडावं, नावडावं, तिने ते अर्ध्यावर फेकावं, ह्याची दखल कुठेच नाही.

रमाबाई रानडे यांच्या आठवणी 1910 साली छापल्या गेल्या. त्यांत घरातल्या वडीलधाऱ्या बायका रमाबाईंना वाचण्यावरून किती टोचून बोलायच्या ते आहे. तेव्हा वाचते म्हणून बोलणी, आता वाचत नाही म्हणून बोलणी. काय वाचलंस आणि कसं वाटलं, हे तेव्हाही कुणी विचारलं नाही. (न्यायमूर्तींनी विचारलं, पण प्रत्येकीच्या घरी न्यायमूर्ती नसतात.)

आणि ह्या आईसाठी आम्ही काय सोय केली? मी जाते त्या वाचनालयाची संध्याकाळची वेळ म्हणजे नेमकी मुलांच्या अभ्यासाची आणि स्वयंपाकाची. वेळ बदला म्हणून दोनदा अर्ज दिला. उत्तर आलं, महिला वाचकांचा प्रतिसाद कमी आहे. संमेलनात पुस्तकांचे स्टॉल असतात, तिथे बाईला पाककृती आणि बालसंगोपनाच्या टेबलाकडे हात दाखवतात. मला स्वतःला दाखवलाय.

ह्या डिसेंबरच्या चौकटीसाठी वहिनीची चार पुस्तकं वर दिलीच आहेत. पुढच्या खेपेला तिने ऊर्मिला पवारांचं 'आयदान' आणि तारा भवाळकरांचं 'मायवाटेचा मागोवा' मागितलंय, म्हणजे पुढच्या वर्षाच्या यादीचीही सुरुवात झाली. तिचा पासपोर्ट साइझ फोटो माझ्याकडे आहे, रेशन कार्डासाठी काढलेला. कुठल्या संपादकांना हवा असेल तर कळवावं.