गंज जपू नका!

ब्रिटनमध्ये बंद पडलेल्या वाफेच्या गाड्या हौशी मंडळींनी पुन्हा रुळांवर आणल्या. १९५१ साली वेल्समधील टालिलिन रेल्वेने या कार्याचा ओनामा केला. स्तुत्य उपक्रम! पण वाचकहो, अशा कित्येक मार्गांवर इंजिन शिकू पाहणाऱ्या बाईला काय ऐकावे लागते? ‘बाई, तुम्ही चहाचे पाहा, तिकिटे विका.’ भट्टीत कोळसा घालणे म्हणे पुरुषांचे काम!

दुसऱ्या महायुद्धात याच देशाच्या रेल्वेत लाखावर बायका राबल्या. त्यांनी ओझी वाहिली, सिग्नल सांभाळले. तेव्हा त्यांचे मनगट नाजूक नव्हते काय?

‘जुने ते जसेच्या तसे जपायचे,’ असा यावर युक्तिवाद. वा! बॉयलर गंजला की नवा बसवता, तेव्हा परंपरा आड येत नाही. बाई इंजिनावर चढली की मात्र येते!

आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी ८ मार्च २०११ रोजी डेक्कन क्वीन पुण्याहून बोरघाट उतरवून मुंबईस नेली. घाटाने त्यांना सवलत दिली नाही. त्यांनी मागितलीही नाही.

इंजिने जरूर जपा. मनावरचा गंज तेवढा खरवडून काढा!