थालीपीठ उलटा, स्क्रीन नको!

परवा ऑफिसात पुन्हा तोच संवाद. ॲपची अरबी आवृत्ती कधी करायची विचारलं, तर एक सहकारी म्हणतो, "त्यात काय! शेवटच्या आठवड्यात स्क्रीन उलटी करून टाकू." डोकंच फिरलं माझं.

मंडळी, उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी भाषा म्हणजे आरशात धरलेली इंग्रजी नव्हे. मागे जायचा बाण उलटतो, कबूल. पण घड्याळाचे काटे उलटे फिरत नाहीत, गाण्याचं प्ले बटण तोंड फिरवत नाही. आकडे तर अरबी मजकुरातही डावीकडून उजवीकडेच लिहितात.

खरी गंमत फोन नंबरची. +९७१ ने सुरू होणारा, मध्ये मोकळी जागा सोडलेला नंबर आमच्या अरबी स्क्रीनवर गेला आणि आकड्यांच्या गटांचा क्रमच फिरला. अधिकचं चिन्ह उजव्या टोकाला, शेवटचे आकडे आधी! डेटाबेसमध्ये नंबर बरोबर, पण वाचून फोन लावणाऱ्याला काय उपयोग? नंबरभोवती घालायची अदृश्य चिन्हं युनिकोडमध्ये २०१३ पासून आहेत. अँड्रॉइडने २०१२ मध्येच लेफ्ट-राइटच्या जागी स्टार्ट-एंड दिलं, आयओएसने २०१५ मध्ये मांडणी आपोआप फिरवायची सोय केली. सबबी संपल्या हो!

"पण आपले ग्राहक कुठे अरबी?" बरं, दुबई राहू दे. भिवंडी, मालेगावला तरी जाऊन या. २०११ च्या जनगणनेत मातृभाषा उर्दू सांगणारे देशात पाच कोटींवर आणि महाराष्ट्रात सत्तर लाखांवर होते. उर्दूची नस्तालिक तिरकी उतरत जाते. इंग्रजीच्या मापाने ओळीची उंची ठरवलीत की अक्षरं वर-खाली छाटली जातात.

आठवतंय ना, देवनागरीच्या जागी चौकोन दिसायचे, पहिली वेलांटी भलत्याच बाजूला पडायची? तेव्हा आपण किती शिव्या घातल्या, "यांना आपली पडलेलीच नाही" म्हणून! आज बनवणारे आपण आहोत, आणि शिव्या खायचं कामही तेच करतोय.

म्हणून म्हणतो, स्टार्ट-एंड पहिल्या दिवसापासून लिहा. उर्दू किंवा अरबी वाचणाऱ्याच्या हातात फोन द्या आणि गप्प बसून बघा तो कुठे अडतो ते. आणि ऐन वेळी काही उलटायची हौसच असेल, तर घरी जाऊन थालीपीठ उलटा!