बेसच्या अँपसमोर कुठला माइक?

बेस वाजवणाऱ्या मंडळींनी माइकवर पैसे घालण्याआधी एक चांगला डीआय बॉक्स घ्यावा. बेसचा सिग्नल त्यातून थेट मिक्सरला जातो. शेजारच्या ड्रम्सचा आवाज त्यात शिरत नाही, की कुणाचा पाय लागून स्टँड कलंडत नाही. कॉलेजचं गॅदरिंग, लग्नातलं संगीत, हॉटेलातला छोटा कार्यक्रम एवढ्यावर सहज निभतो. साउंडवाला 'माइक कशाला, लाइन दे' म्हणाला, तर तो अंगचोरपणा करतोय असं समजू नका. बहुतेकदा त्याचंच बरोबर असतं.

माइक लावायचा तो अँपचा स्वतःचा आवाज हवा असेल तरच. अँप जरा दाबून वाजवला की स्पीकरमधून जी गुरगुर येते, तिचा अँपच्या आधी लावलेल्या डीआयला पत्ताच नसतो.

चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार सुटी छेडली की साधारण ४१ हर्ट्झचा सूर निघतो, पाच तारांच्या बेसवर ३१चा. शुअर एसएम ५७ हा माइक २०० हर्ट्झच्या खाली हळूहळू हात आखडता घेतो. तरी त्याला हसू नका. खालचा भार डीआय उचलत असेल, तर गुरगुर टिपायला तो पुरतो. एकेजी डी११२ किंवा शुअर बीटा ५२ए खालपर्यंत पोचतात, पण ते घडवलेत किक ड्रमसाठी. पेडलचा ठोका उठावा म्हणून त्यांचा वरचा आवाज मुद्दाम चढवलेला असतो. बेसवर त्यामुळे तारांची खडखड पुढे येते. मिक्सरवर ४ किलोहर्ट्झच्या आसपास थोडं उतरवून पाहा.

विकतच घ्यायचा तर माझं मत सेनहायझर एमडी ४२१ला. महाग आहे, पण बेसला नाही लागला तर टॉमला, ट्रॉम्बोनला, गिटारच्या अँपलाही लागतो. मात्र त्याच्या शेपटाकडची फिरती कडी आधी बघा. ती 'एम'वर हवी. 'एस'कडे सरकली की बेस गळतो आणि सगळे अँपला दोष देत बसतात.

जाळीमागे टॉर्च मारून स्पीकर नेमका कुठे आहे ते शोधा. मधल्या टोपीची कड जिथे कोनला मिळते, तिथे चार बोटांवर माइक धरा. आवाज टोचला तर बाहेर सरकवा, घुसमटला तर आत. मग डीआय आणि माइक दोन्ही चालू ठेवून मिक्सरवरचं पोलॅरिटीचं बटण दाबून पाहा. ज्या बाजूला आवाज भरीव लागेल, ती ठेवा. हे न करता दोन्ही मिसळले तर कधी कधी एकापेक्षाही पातळ ऐकू येतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी साउंडवाल्याला फोन करून तीन गोष्टी विचारा: डीआय आहे का, किकचा सोडून दुसरा खालचा सूर पकडणारा माइक आहे का, आणि बेसला दोन चॅनेल मिळतील का. तिसऱ्याला 'नाही' आलं तर माइक घरीच ठेवा.